जुनी थिएटरं पाडली त्याचं एवढं वाईट का वाटून घ्यायचं?

पहिली रांग: मी पहिला सिनेमा ज्या थिएटरात बघितला ते मागच्या महिन्यात पाडलं. पडदा काढल्यावर मागची भिंत उघडी पडली होती आणि सगळी काळवंडलेली असताना पडद्यामागचा तेवढाच चौकोन फिका राहिला होता. तो बघून मला रडूच आलं. हजार अनोळखी माणसं एकाच क्षणी गप्प होतात हे आता कुठे मिळणार? माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक गावात एक तरी जुनं एकपडदा थिएटर चालू राहिलं पाहिजे, नुसती इमारत नको, खेळ चालू पाहिजेत.

जिन्याखालचा: मला नाही पटत. तुम्हाला तो चौकोन आठवतो, मला मागच्या सीटवरून येणारे हात आठवतात. आई बहिणीला नेहमी आमच्या दोघांच्या मधे बसवायची, का ते मला फार उशिरा कळलं. अर्धे संवाद ऐकू यायचे नाहीत, बाल्कनीला जिना सोडून दुसरी वाट नाही त्यामुळे आजोबांचे गुडघे गेल्यावर त्यांचं थिएटर कायमचं सुटलं. आज ते घरी मोठ्या अक्षरात सबटायटल लावून रोज एक सिनेमा बघतात. त्यांना सांगा जुनं ते सोनं.

रीळ नंबर सात: माझे बाबा थिएटरात प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर होते म्हणून लिहितोय. 2,000 फुटांचं रीळ जेमतेम 20-22 मिनिटं चालतं, त्यामुळे दोन मशीन आणि सतत बदलाबदली. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका यायचा, तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू, मग काही सेकंदांनी दुसरा ठिपका की लगेच चेंजओव्हर, म्हणजे चित्र दुसऱ्या मशीनवरून, आणि खाली बसलेल्या कुणाला पत्ता लागायचा नाही. मशीनमधल्या उजेडासाठी लावलेल्या कार्बनच्या कांड्या जळत जायच्या, त्यांच्यातलं अंतर सारखं जुळवत बसायचं. हे कसब गेलं याचं दुःख मला आहेच. पण त्या केबिनमधली उष्णता आणि धूर पण खरा आहे, आणि मला या धंद्यात येऊ नको म्हणणारे बाबाच होते.

उतारावरची गाडी: ड्राइव्ह-इनबद्दल, म्हणजे गाडीत बसूनच सिनेमा बघायच्या उघड्यावरच्या थिएटरांबद्दल, कुणीच बोललं नाही. 1933 साली रिचर्ड हॉलिंग्सहेडने न्यू जर्सीत पहिलं काढलं, त्यातली खरी अक्कल म्हणजे जमिनीला दिलेले उतार, गाडीचं तोंड वर राहतं त्यामुळे पुढच्या गाडीवरून पडदा दिसतो. आवाजाची बोंब होती, सुरुवातीला पडद्याजवळच कर्णे, शेजारपाजारचे वैतागायचे, मग 1940 च्या दशकात प्रत्येक गाडीला वेगळा छोटा स्पीकर आला आणि नंतर गाडीतल्या एफएम रेडिओवरून आवाज. 1950 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत 4,000 च्या वर होती. ती बंद पडली ती लोकांची आवड बदलली म्हणून नुसती नाही हो, एवढी मोकळी जमीन विकली की जास्त पैसे मिळायचे, आणि उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे केल्यावर अंधारच उशिरा पडतो मग खेळ संपणार कधी. तान्हं मूल घेऊन आईबापांना निवांत सिनेमा बघता यायचा अशी दुसरी जागा दाखवा. 2020 मध्ये लोक परत तिकडेच गेले ना?

जिन्याखालचा: 2020 मध्ये बाकी सगळं बंद होतं म्हणून गेले. आणि ज्याच्याकडे गाडीच नाही त्याने काय करायचं? जी जागा सगळ्यांची नव्हतीच ती सगळ्यांची होती म्हणून आठवायची हेच मला खटकतं.

पहिली रांग: बहिणीचं वाचून गलबललं. आमच्या थिएटरातही तसं होत असणार, मी लहान होते, मला दिसलं नाही. पण म्हणून पाडायचं का? रॅम्प बांधा, आवाज सुधारा, मागच्या रांगांना पुरेसा उजेड आणि माणूस ठेवा. आजोबा घरी रोज बघतात ते छानच आहे, पण एकटेच बघतात ना? दोन तास अंधारात बसून कुणी अनोळखी माणूस आपल्याच जागी हसला की काय वाटतं ते घरी नाही मिळत, मी करून बघितलंय.

जिन्याखालचा: रॅम्प होणार असेल तर आजोबांना घेऊन मी येतो. आधी रॅम्प.

रीळ नंबर सात: बाबांनी शेवटच्या खेळानंतर फिल्म जोडायचा स्प्लायसर घरी आणला होता, अजून कपाटात आहे, पातं धारदार आहे. कुठे रिळांवर खेळ चालू ठेवणारं कुणी असेल तर सांगा, देऊन टाकीन.