११वं रेकॉर्ड मागितलं तर रोल नंबर २८८२ येतो (सी, एफसीक)

एसवाय_कॉम्प
विंडोज, कोडब्लॉक्स (सीचा एडिटर), सोबत येणारा जीसीसी कंपायलर. स्ट्रक्चरमध्ये इंट रोल, कॅर नाव[३०] आणि फ्लोट मार्क. साइझऑफ (एका रेकॉर्डचे बाइट) ४० दाखवतो. भरण्याआधी मेमसेटने सगळं शून्य करून घेतलंय. रोल १ ते ३० अशी ३० रेकॉर्डं एफराइटने लिहिली. फाइल "ए+" (अपेंड, म्हणजे शेवटी जोडणं, आणि वाचन) मोडमध्ये उघडली आहे. शोधायचा भाग असा (वि हे रेकॉर्डचं व्हेरिएबल, एन हा मागितलेला नंबर; एफसीक सुरुवातीपासून मोजून त्या बाइटवर नेतो, एफरीड तिथून वाचतो):

एफसीक(एफपी, (एन - १) * साइझऑफ(वि), सीक_सेट);
एफरीड(&वि, साइझऑफ(वि), १, एफपी);

१ ते १० अगदी बरोबर येतात. ११ मागितला की रोल २८८२, नाव कोरं, मार्क ७१.५ च्या जागी -०.०. १२ ला रोल ३१३८. पूर्ण यादी छापली तर २५ वर थांबते. फाइल १२०१ बाइटची झालीय, १२०० हवी ना? शिवाय ५ नंबरचे मार्क बदलले तर तो आहे तसाच राहतो आणि फाइल १२४१ होते. चुकतंय कुठे?

षोडशमान
तो जास्तीचा एक बाइटच सगळं सांगतोय. मोडमध्ये "बी" (बायनरी) नाही, म्हणजे फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडली. विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये लिहिताना किंमत १० असलेला प्रत्येक बाइट 'नवी ओळ' समजला जातो आणि त्याच्या आधी १३ घुसवला जातो. तुमचा रोल नंबर १० मेमरीत १०, ०, ०, ० असा आहे. फाइलमध्ये तो १३, १०, ०, ०, ० असा गेला. तिथून पुढचं सगळं एका बाइटने सरकलं.

आता एफसीक ४०० व्या बाइटवर जातो, पण तिथे १०व्या रेकॉर्डच्या मार्कांचा शेवटचा बाइट बसलाय. ३२ ते १२८ मधल्या कुठल्याही फ्लोटचा तो बाइट ६६ असतो. त्याच्यामागे ११. म्हणून ६६ + ११ × २५६ = २८८२. बारासाठी ६६ + १२ × २५६ करून बघा, ३१३८ येतात. नावाच्या जागी रोलचा शेवटचा शून्य आला, म्हणून नाव कोरं.

यादी २५ वर थांबते त्याचं कारण वेगळं, पण मूळ तेच. बाइट २६ म्हणजे कंट्रोल-झेड, आणि विंडोजचं टेक्स्ट वाचन त्याला फाइलचा शेवट मानतं. रोल २६ आला की दुकान बंद.

रोल नंबर १०१ पासून दिले तर सुटेल असं वाटेल, पण नाही. ३४.५ मार्क म्हणजे बाइट ०, ०, १०, ६६ आणि ३८.५ म्हणजे ०, ०, २६, ६६. कुणाला तरी ३४.५ पडणारच! लिनक्सवर हाच प्रोग्राम मुकाट चालला असता, कारण तिथे टेक्स्ट आणि बायनरीत फरकच नाही.

कंसातला_कंस
मार्क बदलण्याचा घोळ "ए" मुळे. अपेंड मोडमध्ये एफसीक कुठेही नेऊन ठेवा, लिहिणं शेवटीच होतं. १२०१ अधिक ४० बरोबर १२४१. "आरबी+" (असलेली फाइल बायनरीत वाचायला आणि लिहायला) ने उघडा. फाइल नसेल तर नल मिळेल, तेव्हाच "डब्ल्यूबी+" (नवी रिकामी फाइल) वापरा. थेट "डब्ल्यूबी+" दिलात तर असलेला डेटा पुसला जाईल.

एसवाय_कॉम्प
"आरबी+" केलं, फाइल नव्याने भरली. १२०० बाइट, तीसही रेकॉर्डं नीट. पण आता ५ चं रेकॉर्ड वाचून, मार्क बदलून एफराइट केलं तर ५ जुनाच, आणि ६ च्या जागी बदललेला ५!

कंसातला_कंस
एफरीडनंतर जागा १६० वरून २०० वर गेली, तिथे सहावा सुरू होतो. लिहिण्याआधी पुन्हा एफसीक करून १६० वर या. जागा योगायोगाने बरोबर असली तरी हा एफसीक टाळू नका: "+" मोडमध्ये वाचनावरून लिखाणावर जाताना मध्ये एफसीक, एफसेटपॉस किंवा रिवाइंड हवाच, असं सीचं मानकच सांगतं (वाचन फाइलच्या शेवटाला टेकलं असेल तेवढाच अपवाद). उलट दिशेला एफफ्लश (बफरमधलं फाइलमध्ये ढकलणारा) चालतो.

बरेच जण इथे -साइझऑफ(वि) आणि सीक_कर (सध्याच्या जागेपासून मोजा) देतात. साइझऑफची किंमत चिन्हरहित असते, उणे केलं की प्रचंड मोठी धन संख्या होते. एफसीकमध्ये बहुधा निभावतं. पण ३२ बिटच्या प्रोग्रामात ६४ बिट ऑफसेटचा एफसीको वापरलात की उणे ४० ऐवजी ४२९४९६७२५६ जातात. -(लाँग)साइझऑफ(वि) लिहा, नाहीतर सरळ सुरुवातीपासून मोजा. मी सुरुवातीपासून मोजणंच सुचवेन.

आणि एफसीकने ० परत केला म्हणजे रेकॉर्ड आहे असं नव्हे. ४५ नंबर मागितला तरी तो ०च देतो. एफरीड १ परत करतो का ते तपासा. लिहिताना तर आधीच अडवा: सीक_एंडला (फाइलच्या शेवटी) जाऊन एफटेल (सध्याची जागा) भागिले ४०, त्यापेक्षा एन मोठा तर नकार. नाहीतर ३१ ते ४४ अशी १४ शून्यांची रेकॉर्डं मधे तयार होतील.

जुना_टर्बो
कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी (जुना १६ बिटचा कंपायलर) असेल तर ही फाइल तिकडे नेऊ नका. तिथे इंट २ बाइटचा आणि मधली भरती नाही: २ + ३० + ४ = ३६. तुमच्याकडे नावानंतर २ रिकामे बाइट आहेत, म्हणून ४०. तिथे (एन - १) * साइझऑफ(वि) हा गुणाकारही १६ बिटांत होतो. १८२२वं रेकॉर्ड मागितलं की ६५५५६ ऐवजी २० येतात आणि पहिल्या रेकॉर्डच्या मध्यात जाऊन पडता. (लाँग)(एन - १) करा.

एसवाय_कॉम्प
चाललं! जुनी १२०१ वाली फाइल वाचवता येईल का?

षोडशमान
येईल. "आरबी" ने एकेक बाइट वाचा, १३ च्या लगेच पुढे १० असेल तर तो १३ गाळा, बाकी सगळं "डब्ल्यूबी" ने दुसऱ्या फाइलमध्ये लिहा. नवी फाइल १२०० भरली की मगच जुनी काढा. १२४१ वाली असेल तर शेवटचे ४० बाइट हेच बदललेल्या मार्कांसह तुमचं ५ नंबरचं रेकॉर्ड आहे.