भांडीबाजारातलं दुकान गुगल मॅपवर 'कायमचं बंद' दाखवतंय, कुणी मार्ग सांगेल का?

पितळी_तांब्या: नमस्कार मंडळी. नाशिकला भांडीबाजारात आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, आजोबांपासूनचं, कल्हईपण करून देतो. मागच्या वर्षी त्याच गल्लीत चार दुकानं पुढं शिफ्ट झालो आणि तेव्हापासून मॅपवर जुन्या जागेला 'कायमचं बंद' असं लाल अक्षरात येतंय, नव्या जागेचं कुणीतरी वेगळंच पान केलंय त्यात फोन नंबरच नाही. जुनी गिऱ्हाइकं फोन करून विचारतात, बंद केलं का हो? आता एक जण आला होता, बारा हजारात 'पहिल्या नंबरवर, गॅरंटीने' म्हणे, वेबसाइटचे वेगळे. पप्पा तयार झालेत कारण २०२७चा सिंहस्थ तोंडावर आलाय. द्यावेत का? कुणी भरवशाचा माणूस असेल तर सुचवा.

सातपूरकर: अजिबात देऊ नका. गॅरंटी म्हणाला तिथंच समजून जा. मॅपवरचा नंबर पैसे देऊन वर आणता येत नाही हे गुगल स्वतःच सांगतं, जाहिरात वेगळी, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. प्रोफाइल, म्हणजे मॅपवरचं दुकानाचं पान, फुकट असतं. आधी जुन्या पानाचा ताबा घ्या, त्यावरचे रिव्ह्यू घालवू नका, त्यातच पत्ता बदला, पिन हलवा, पुन्हा चालू करा आणि दुसरं पान डुप्लिकेट म्हणून कळवा. नवीन तिसरं काढत बसू नका.

मखमलाबादची_सून: ताब्यावरून सांगते. आमच्या बेकरीचं प्रोफाइल एका एजंटने स्वतःच्या जीमेलवर बनवलं, पुढं पैशावरून वाजलं तर पासवर्डच देईना. शेवटी मॅपवरूनच मालकीची विनंती टाकली, समोरच्याला उत्तराला तीन दिवस असतात, त्याने काहीच केलं नाही मग आम्हाला व्हेरिफाय करायचा, म्हणजे दुकान आमचंच आहे हे पटवून द्यायचा, पर्याय आला. कुणाला काम दिलंत तरी मालक तुमचाच जीमेल ठेवा, त्याला फक्त मॅनेजर करा.

पितळी_तांब्या: ताई धन्यवाद, हे माहितीच नव्हतं. व्हेरिफायला पोस्टाने कार्ड येतं ना?

सातपूरकर: पूर्वी यायचं, आता बहुतेकांना व्हिडिओच मागतात. गल्लीपासून सुरू करा, शेजारच्या पाट्या, तुमचा बोर्ड, मग शटर उघडून आत गल्ला आणि माल, सगळं एका दमात, कट न करता. चेहरे दाखवू नका. सकाळी दुकान उघडतानाच काढा, नंतर त्या गल्लीत गाड्यांमधून बोर्ड तरी दिसतो का?

आणि नावात 'नाशिक बेस्ट पितळ भांडी होलसेल' असलं काही घुसडू नका, बोर्डावर आहे तेवढंच नाव. प्रोफाइल सस्पेंड झालेलं बघितलंय मी.

पितळी_तांब्या: अजून एक, दुकानात बसून शोधलं की आम्ही वरती आणि इंदिरानगरला घरून शोधलं की गायब, असं का?

सातपूरकर: अंतर मोजतं ते. शोधलेल्या शब्दाशी दुकान जुळतं का, माणसापासून किती लांब आहे आणि दुकानाची किती ओळख आहे, यावर ठरतं. अंतर तुमच्या हातात नाही, बाकीचं थोडंफार आहे.

गोदाकाठची_पोर: मग जुळणाऱ्या शब्दांचंच बघा ना! पितळी पातेलं ऑनलाइनपण मिळतं हो, पण कल्हईवाला शोधायला लोक वणवण फिरतात, माझी आई दोन वर्षं पितळी टोप माळ्यावर टाकून बसलीये. प्रोफाइलवर सर्व्हिसच्या यादीत 'कल्हई' मराठीत पण लिहा आणि इंग्रजी स्पेलिंगनेपण. कल्हई आधीचं काळं पातेलं आणि नंतरचं चकाचक असे फोटो टाका, मोबाइलवरचे चालतात, नेटवरनं उचललेले नको. रिव्ह्यूसाठी काउंटरवर क्यूआर ठेवा, फक्त त्याबदल्यात डिस्काउंट नाही द्यायचा, ते नियमात बसत नाही. कुणी वाईट लिहिलं तर भांडू नका, दोन ओळीत शांतपणे उत्तर द्या.

सातपूरकर: +१. वेबसाइटची घाई नको. प्रोफाइलसोबत फुकट साइट मिळायची ती गुगलने मार्च २०२४ मध्येच बंद केली, त्यामुळे कुणी 'तीच बनवून देतो' म्हणाला तर तोही फेकतोय.

पितळी_तांब्या: आज सकाळी शटर उघडताना व्हिडिओ काढला, पहिल्या वेळेला पप्पा मध्येच 'काय चाललंय' म्हणून आले, दुसऱ्यांदा नीट झाला. मालकीची विनंतीपण टाकलीये. बारा हजारवाल्याला नाही सांगितलं.

गोदाकाठची_पोर: मस्त. बरं, रविवारी कल्हई असते का? आईला घेऊन येते.

पितळी_तांब्या: नाही हो, कारागीर बुधवार आणि शनिवारीच असतो, दुपारी चारपर्यंत.

गोदाकाठची_पोर: हे लिहा की मग तिथं!