दवाखाना खासगी, तरी जबाबदार सरकारच

बायकांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारांचा उपयोग नाही, त्यांच्या फायली कपाटात धूळ खातात, असं काहीजण म्हणतात; ते बऱ्याच अंशी मान्य. पण ‘खासगी दवाखान्यात काही झालं तर त्यात सरकारचा काय दोष’ हे त्यांचं म्हणणं नाही पटत. ब्राझीलने नेमका हाच बचाव करून पाहिला होता. आलिन पिमेंतेल, वय २८, रिओजवळच्या गरीब वस्तीतली कृष्णवर्णीय बाई, सहावा महिना. नोव्हेंबर २००२ मध्ये उलट्या आणि पोटदुखी घेऊन खासगी दवाखान्यात गेली, तर औषधं देऊन घरी पाठवली. दोन दिवसांनी परत आली तेव्हा बाळ पोटातच गेलेलं. वार काढायला कित्येक तास लावले. मग रक्तस्राव, मग रुग्णवाहिकेसाठी आठ तासांची वाट. मोठ्या हॉस्पिटलात खाट नाही म्हणून व्हरांड्यात ठेवलं, आणि आधीच्या उपचारांचे कागदही सोबत दिले नव्हते! ती तिथेच गेली.

देशातल्या कोर्टात दावा रेंगाळला, म्हणून तिच्या आईने ‘सीडॉ’ समितीकडे तक्रार केली. सीडॉ म्हणजे स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्यासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा करार, आणि तो पाळला जातो का हे ही समिती बघते. २०११ मध्ये समितीने ठणकावलं की खासगी दवाखान्यांवर लक्ष ठेवणं सरकारचंच काम. आंतरराष्ट्रीय करारसमितीने मातामृत्यूसाठी देशाला जबाबदार धरल्याची ही पहिलीच वेळ. भरपाई मिळायला मात्र २०१४ उजाडलं.

आपल्याला हा रस्ता बंदच आहे. भारताने सीडॉ १९९३ मध्ये स्वीकारला, पण थेट तक्रारीची मुभा देणारा जोडकरार नाही. तरी २०१० मध्ये दिल्ली हायकोर्टाने गरीब बाळंतिणींच्या प्रकरणांत याच करारांचा आधार घेऊन भरपाई द्यायला लावली होती.