सल्ला हवा : सहावी-सातवीच्या मुलांना संगणक शिकवण्यासाठी ४०,००० रुपयांत काय घ्यावे?

रानवाट :
नमस्कार. मी पाटण तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सहावी आणि सातवी मिळून ३८ मुले आहेत. ग्रामस्थांच्या लोकवर्गणीतून ४०,००० रुपये जमले आहेत. फाइल जपून ठेवणे आणि पुन्हा शोधून काढणे, मराठी टंकलेखन, साध्या तक्त्यात बेरीज व सरासरी काढणे आणि स्क्रॅचमध्ये (ठोकळे जोडून आज्ञावली करण्याची मुलांसाठीची संगणकभाषा) एखादी छोटी आज्ञावली लिहिणे, एवढे मुलांना वर्षभरात यावे अशी इच्छा आहे. दुपारी वीज बहुधा नसते आणि मोबाइलला रेंज मिळते ती फक्त शाळेच्या ओट्यावर. काय घ्यावे आणि सुरुवात कशापासून करावी?

दीपस्तंभ :
मॅडम, आमच्या शाळेने ७५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनेल (बोटाने चालवायचा मोठा पडदा) घेतले आणि मुलांची उपस्थितीसुद्धा वाढली. खर्च दीड लाखाच्या पुढे गेला, परंतु माजी विद्यार्थ्यांकडे शब्द टाकला की रक्कम उभी राहते. घ्यायचेच तर एकदाच चांगले घ्यावे.

जुना_सर्किट :
पॅनेलवर एक मूल बोट लावते आणि बाकीची मुले बघत बसतात. मुलांचे हात कळफलकावर पडले पाहिजेत. कंपन्यांनी बदललेले जुने डेस्कटॉप पाहा. विंडोज १० चा मोफत आधार (कंपनीकडून मिळणाऱ्या नेहमीच्या सुधारणा) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, म्हणून चांगली यंत्रे स्वस्तात मिळतात. ८ जीबी रॅम आणि एसएसडी (वेगवान साठवण) असेल तर त्यांवर उबुंटू ही मोफत लिनक्स प्रणाली आणि लेखन व तक्त्यांसाठीचे मोफत लिब्रेऑफिस उत्तम चालते. स्क्रॅचसाठी टर्बोवार्प बसवा. ते इंटरनेटशिवाय चालते आणि स्क्रॅचच्याच फाइली उघडते. केरळमधील सरकारी शाळा अनेक वर्षे लिनक्सवर शिकवत आहेत.

मळेकरी :
कोणताही संगणक घेण्याआधी शाळेचे अर्थिंग तपासून घ्या. आमच्या गावच्या शाळेत ते धड नव्हते, त्यामुळे पहिल्याच पावसाळ्यात दोन यंत्रांचे पॉवर सप्लाय जळाले. विक्रेत्याने हमीत बसत नाही म्हणून हात वर केले. ती यंत्रे आजही प्लास्टिकच्या आवरणाखाली पडून आहेत आणि कागदोपत्री मात्र संगणक कक्ष आहे. लोकवर्गणीच्या पैशाचे असे झालेले पाहून जीव तुटतो.

टंकमित्र :
यंत्र कोणतेही घ्या, पण मराठी टंकलेखन इनस्क्रिप्टमध्येच (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाणित कळफलक-रचना) शिकवा. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतेक उजव्या हाताला येतात. ‘क’ची कळ शिफ्टसह दाबली की ‘ख’ उमटतो. ग-घ, त-थ, प-फ यांचेही तसेच. मुळाक्षरे येणाऱ्या मुलाला ही रचना चटकन उमगते.

घाटमाथा :
मी असहमत आहे. मुले मोबाइलवर रोमन अक्षरांतूनच मराठी लिहितात, त्यामुळे उच्चारानुसारी कळफलक त्यांना पहिल्याच दिवशी जमतो. माझा भाचा असाच शिकला आणि त्याचा वेग उत्तम आहे.

टंकमित्र :
आपल्या भाच्याकडे घरी मोबाइल आहे. पाटणच्या वाडीवरील प्रत्येक मुलाकडे तो असेलच असे नाही, आणि मराठी लिहिण्यासाठी आधी रोमन स्पेलिंग आठवण्याची सक्ती मुलांवर का करावी?

पाटीपेन्सिल :
रानवाट ताई, पहिले काही तास वीज नसली तरी अडत नाही. पाच पुठ्ठ्यांवर १, २, ४, ८ आणि १६ ठिपके काढा आणि पाच मुलांना ते हातात धरून ओळीने उभे करा. उघडा पुठ्ठा म्हणजे एक आणि पालथा म्हणजे शून्य. १९ हवे असतील तर १६, २ आणि १ उघडायचे. पाच पुठ्ठ्यांत ३१ पर्यंतच्या सगळ्या संख्या बसतात, म्हणून प्रत्येक मुलाला आपल्या वाढदिवसाची तारीख करून दाखवता येते. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातून सुरू झालेल्या ‘सीएस अनप्लग्ड’ या संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याच्या उपक्रमात असे पुष्कळ खेळ आहेत. एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा शाळांसाठीचा ‘सीएसपाठशाला’ उपक्रमही पाहावा.

कोडवाटाड्या :
वर सांगितले आहेच की लिनक्स घ्या; मीही तेच सांगतो, परंतु रास्पबेरी पाय ४०० या छोट्या संगणकावर. अख्खा संगणक कळफलकातच असतो आणि वीज फार थोडी लागते. माझ्या मुलीने घरच्या टीव्हीला जोडून त्यावर पायथन ही संगणकभाषा शिकली.

मळेकरी :
शाळेत टीव्ही कुठून आणायचा? आणि अर्थिंगचे पुन्हा सांगतो.

रानवाट :
सर्वांचे मनापासून आभार. विचारांती मी वापरलेले तीन लॅपटॉप घेण्याचे ठरवले आहे. येथे कोणीही ते सुचवले नाहीत, याची मला जाणीव आहे. आमच्या वर्गाचे छप्पर गळते, त्यामुळे यंत्रे रोज संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी लागतील; शिवाय सकाळी चार्ज केले तर दुपारी वीज गेल्यावरही तास चालेल. मुलांचे तीन गट करून एक गट लॅपटॉपवर, दुसरा ठिपक्यांच्या पुठ्ठ्यांवर आणि तिसरा कागदावर छापलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर बोटे बसवील, आणि गट पाळीने बदलतील. उरलेल्या रकमेतून आधी अर्थिंग करून घेईन.

जुना_सर्किट :
मला अजूनही डेस्कटॉपच योग्य वाटतात, कारण वापरलेल्या लॅपटॉपची बॅटरीच सर्वांत आधी दगा देते. तरीही घेणारच असाल तर दुकानातच चार्जर काढून प्रत्येक यंत्र तासभर चालवून पाहा आणि बॅटरीची हमी बिलावर वेगळी लिहून घ्या.