शोधक वृत्ती संस्कृतीतून येते की कारखान्याच्या नियमातून?

रबाळे_क्यूसी
"जपानी माणूस जात्याच शिस्तीचा, आपण जात्याच जुगाडू" हे ठाणे-बेलापूरच्या कारखानी पट्ट्यात रोज ऐकू येतं. मला हे पटत नाही. जनरल मोटर्सने १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातला फ्रेमॉन्टचा कारखाना बंद केला. गैरहजेरी, भांडणं, निकृष्ट गाड्या, सगळं होतं. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो 'नुमी' नावाने पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतेक जुने, युनियनही तीच. फरक हा, की साध्या कामगाराला दोरी ओढून लाइन थांबवायचा हक्क मिळाला आणि ओढली की टीम लीडर मदतीला येऊ लागला. दर्जा बघता बघता जपानी कारखान्यांच्या जवळ गेला. माणसं अमेरिकनच होती ना?

वागळे_टर्नर
असहमत. मग कॅलिफोर्नियातल्याच व्हॅन नाइजच्या कारखान्यात जनरल मोटर्सने तीच पद्धत आणली, ती का नाही रुजली? दोरी तिथेही होती, पण वरचे साहेब बदलले नव्हते.

आपल्याकडचं घ्या. बोअर, म्हणजे जॉबमधलं (घडवायच्या भागातलं) भोक, २५ एच-७, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर चालतं. इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, झिजला की बोअर लहान येतो. समजा २५.००२ आला. ऑपरेटर गुपचूप १० मायक्रॉनचा (०.०१० मिलिमीटरचा) वेअर ऑफसेट, म्हणजे झीज भरून काढणारी मशीनमधली दुरुस्ती, देतो, नोंद करत नाही. पाळी बदलते. नवा माणूस ट्रेमधला ऑफसेटच्या आधीचाच जॉब मोजतो, त्याला २५.००२ दिसतं, तो आणखी १२ देतो. पुढचा जॉब २५.०२४, थेट भंगारात; मोठा झालेला बोअर लहान करता येत नाही. दोघेही कसबी. "साहेबाला कशाला सांगायचं" हे कुठल्याही एसओपीत (कामाच्या ठरलेल्या पद्धतीच्या कागदात) लिहिलेलं नाही, तरी घराघरातून शिकून येतं. संस्कृती म्हणजे आणखी काय असतं?

रबाळे_क्यूसी
घरातून नाही हो, पगारपत्रकातून शिकतात. नोंद केली की रिजेक्शन नावावर चढतं, तर कोण लिहील? मशीनला कार्ड लटकवा: वेळ, जॉब नंबर, माप, दिलेला ऑफसेट. मराठी-हिंदीत. नाव नको, पाळी पुरे. ऑफसेटआधीचे जॉब दुसऱ्या ट्रेमध्ये. आणि कार्डावरून कुणालाही मेमो द्यायचा नाही. एक मेमो निघाला, की दुसऱ्या दिवसापासून सगळी मापं संशयास्पद छान येतात.

घणसोली_फार्मा
रबाळेकरांना दुजोरा. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरचं, म्हणजे खुद्द औषधावरचं पेटंट काढलं, फक्त ते बनवण्याच्या प्रक्रियेवरचं ठेवलं. तेव्हा आपले केमिस्ट तेच औषध बनवायचे नवे मार्ग शोधण्यात तरबेज झाले. २००१ मध्ये सिप्लाने एड्सची तीन औषधं मिळून एका रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. बाहेर तोच खर्च दहा हजारांच्या पुढे होता. २००५ पासून रेणूवरचं पेटंट परत आलं आणि कंपन्यांना नव्या रेणूंकडे वळावं लागलं. भाषा, सणवार, साहेबी सगळं तेच, कायदा फिरला.

वागळे_टर्नर
पण नवा रेणू काढायला दहा-बारा वर्षं फसत राहायची तयारी लागते. ती कायद्याने येते का? मार्ग बदलणं आणि रेणू शोधणं यात फरक आहे, राव.

ऐरोली_पेटंट
संस्कृतीचं राहू द्या, भाषेचा मुद्दा कुणीच धरला नाही. भारतात पेटंटचा अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीतच चालतो. टूलरूमचा माणूस त्याने काढलेलं फिक्श्चर (जॉब पकडून ठेवणारं साधन) मराठीत समजावतो, पेटंट एजंट इंग्रजीत क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क हवा ते, लिहितो. "स्प्रिंगने जॉब दाबणारा" असं अरुंद लिहिलं, तर शेजारचा स्प्रिंगऐवजी पाचर घालून मोकळा. "जॉबवर दाब देणारं साधन" असं रुंद लिहायचं आणि स्प्रिंग खालच्या क्लेममध्ये टाकायची. त्यासाठी एजंटने विचारलं पाहिजे, "स्प्रिंग नसेल तर कशाने चालेल?" ही विचारपूस भाषा अडली की होत नाही.

आणि अर्जाआधी फिक्श्चरचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकू नका, गिऱ्हाइकाला विकू नका. नावीन्य तिथेच जातं. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाका, व्यक्तीला ऑनलाइन १६०० रुपये. पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात.

वागळे_टर्नर
हे मान्य. पण मराठीत अर्ज का नाही, ही मागणी पट्ट्यातल्या एकाही संघटनेच्या तोंडी ऐकली नाही. ती न सुचणं कुठल्या नियमात बसवणार?