सीमाभागातील एआरटी केंद्रे: रुग्ण कोणत्या राज्याचा मोजायचा?

माजी समुपदेशक

सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव या जिल्ह्यांतील एआरटी केंद्रांविषयी, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रांविषयी, ‘आकडेमोड’ या सदस्यांनी गेल्या आठवड्यात जे मत मांडले, त्याचे उत्तर दोन ओळींच्या प्रतिसादात मावणारे नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: राज्याची हद्द ओलांडून येणाऱ्या रुग्णांमुळे केंद्रांच्या याद्या फुगतात, मध्येच औषध सोडणाऱ्यांची संख्या वाढते आणि मन लावून काम करणारे केंद्र मूल्यमापनात मागे पडते, म्हणून आधारवर ज्या जिल्ह्याचा पत्ता असेल तेथेच नोंदणी सक्तीची करावी आणि परराज्यातील रुग्णास पहिल्याच भेटीत परत पाठवावे.

हे वाचून मला मनस्वी राग आला. मी मिरजेच्या परिसरात अनेक वर्षे समुपदेशनाचे काम केले आहे. कर्नाटकातील अथणी, कागवाड, रायबाग या भागांतील माणूस दवाखान्यासाठी मिरजेला येतो, हे काही एचआयव्हीमुळे सुरू झालेले नाही. त्याचे आईवडीलही मोतीबिंदूसाठी आणि बाळंतपणासाठी मिरजेलाच येत होते. एचआयव्हीमुळे त्यात आणखी एका कारणाची भर पडली. तालुक्याच्या रुग्णालयात केसपेपर काढणारा ओळखीचा असतो, औषधाच्या खिडकीवर भावकीतले कोणीतरी उभे असते आणि संध्याकाळपर्यंत बातमी वेशीपाशी पोहोचते. हद्द ओलांडली की ओळख मागे राहते. ‘आकडेमोड’, ज्याला आपण ‘भटकणे’ म्हणता, त्याच भटकण्यामुळे हा माणूस औषध घेत असतो.

माझ्याकडे एक तरुण विधवा येत असे. माहेर शिरोळ तालुक्यात, सासर चिकोडीकडे. नवरा गेल्यानंतर सासरच्यांनी तिला महिन्याभरात माहेरी धाडले. रेशनकार्ड, आधार, लग्नाचा दाखला सारे तिकडेच राहिले. निराधार योजनेसाठी अर्ज केला, तर महाराष्ट्राच्या रहिवासाचा पुरावा मागितला गेला, आणि कर्नाटकात काही मागायचे म्हटले, तर त्या गावात पाऊल ठेवण्याची सोय नव्हती. आपला नियम लागू असता, तर ज्यांनी तिला हाकलले त्यांच्याच जिल्ह्यात मी तिला औषधासाठी परत पाठवले असते. ती गेली नसती, हे मी खात्रीने सांगते.

मूल्यमापन करायचेच असेल, तर रक्तातील विषाणूंच्या संख्येवरून करावे. उपचार सुरू झाल्यावर सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षातून एकदा ही चाचणी होते, आणि एक मिलिलिटर रक्तातील संख्या एक हजाराच्या खाली आहे की नाही हे कळते. त्या नळीतल्या रक्ताला जिल्हा नसतो. परक्यांना परत पाठवून आपली यादी स्वच्छ ठेवणारे केंद्र कागदावर पहिले येईल, आणि परत पाठवलेली माणसे कोणाच्याच कागदावर दिसणार नाहीत.

आकडेमोड

आपला राग मी समजू शकतो, परंतु माझ्या लेखनात करुणेचा अभाव आहे असे सूचित करणे अन्यायाचे आहे. मी जिल्हास्तरावर याच नोंदींचे काम केले आहे. एकच रुग्ण मिरजेत एका नावाने आणि बेळगावात दुसऱ्या नावाने नोंदलेला असतो. एका ठिकाणी तो नियमित औषध घेतो आणि दुसऱ्या ठिकाणी ‘बेपत्ता’ म्हणून लागतो. मग त्या दुसऱ्या केंद्राचा क्षेत्रीय कार्यकर्ता दिलेल्या पत्त्यावर जातो, दारात उभा राहून चौकशी करतो, आणि ज्या गोपनीयतेसाठी आपण हा सारा आटापिटा करता, ती त्या गल्लीत एका सकाळीत संपते. हे मी कल्पनेने लिहीत नाही. माझ्या डोळ्यांसमोर एका घरातील मुलीचे ठरलेले लग्न अशाच चौकशीनंतर मोडले आहे.

विषाणूंची संख्या हेच खरे मोजमाप, हे मान्य. परंतु चाचणीलाच जो येत नाही, त्याची संख्या कोण मोजणार? तो दुसऱ्या राज्यात नीट आहे की मरण पावला, हे यादीवरून कळत नसेल, तर त्या यादीवर कार्यक्रम कसा चालवायचा? महाराष्ट्रात एचआयव्हीबाधितांची संख्या देशात सर्वाधिक आहे आणि कर्नाटकही पहिल्या काही राज्यांत आहे. या दोहोंच्या सीमेवरच नोंदी धूसर राहिल्या, तर निदान, उपचार आणि विषाणू आटोक्यात ठेवणे यांची पंचाण्णव टक्क्यांची उद्दिष्टे केवळ भाषणात उरतील.

चंदगडकर

चर्चा मिरजेभोवतीच फिरते आहे, म्हणून उलट्या दिशेचे सांगतो. आमच्या चंदगड तालुक्यातून बेळगाव हाकेच्या अंतरावर आहे. कोल्हापूरला जाऊन यायचे, तर पूर्ण दिवस आणि एक दिवसाची मजुरी जाते. आमच्याकडील लोक आजारपणात बेळगावलाच जातात. आधारच्या पत्त्याचा नियम आला, तर महाराष्ट्रातील रुग्णालाच त्याची पहिली झळ लागेल.

त्यातच एक त्रास असा की, सीमावादाची ठिणगी पडली की पहिल्यांदा एसटी बंद होते. डिसेंबर २०२२ मध्ये बस फोडाफोडीनंतर फेऱ्या थांबल्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा थांबल्या. ज्याच्या गोळ्या त्याच आठवड्यात संपत होत्या, त्याने काय करायचे होते? तो ‘बेपत्ता’ लागला असेल, तर दोष त्याचा की आंदोलनाचा?

आणि बसचा विषय निघालाच आहे, तर सवलतीचेही लिहितो. एसटीने एचआयव्हीबाधितांना मोफत प्रवास दिला, हे उत्तम. पण तो घ्यायचा, तर भरल्या गाडीत वाहकाला कागद दाखवावा लागतो, आणि आमच्या मार्गावरील वाहक आमच्याच पंचक्रोशीतला असतो. माझ्या नात्यातील एक गृहस्थ ती सवलत असूनही आजवर पूर्ण तिकीट काढून जातात.

खानापूरवासी

सर्वांनी मूळ दुखणे टाळले आहे. खानापूर, निपाणी, बेळगाव येथील मराठी माणूस एआरटी केंद्रात जातो, तेव्हा भिंतीवरील फलक कन्नडमध्ये, हातात दिलेले माहितीपत्रक कन्नडमध्ये आणि पुष्कळदा समुपदेशकही कन्नडच बोलणारा असतो. गोळी रोज एकाच वेळी का घ्यायची, क्षयाचे औषध सुरू असल्यास काय सांगायचे, गरोदर स्त्रीने काय करायचे, हे ज्याला आपल्या भाषेत कळत नाही, तो औषध सोडतोच. भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क कागदावर आहेत. सीमाप्रश्न सुटेपर्यंत या माणसांनी आजार अंगावर काढायचा का? १९५६ पासून जो अन्याय चालू आहे, त्याचेच हे एक रूप आहे.

जतची लेक

खानापूरवासी, आपल्या दुःखाचा मी आदर करते, परंतु ते एकतर्फी मांडू नका. आमच्या जत तालुक्याच्या पूर्व भागातील कित्येक गावांत घरोघरी कन्नड बोलली जाते. माझ्या आजीला मराठी येतच नव्हती. तेथील बाई जतच्या किंवा सांगलीच्या रुग्णालयात जाते, तेव्हा तिला समोर मराठीच मिळते. २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी आमच्या गावांवर हक्क सांगितला, तेव्हा दोन्ही राज्यांचे पुढारी आमच्याविषयी आठवडाभर बोलत होते. पाण्याविषयी बोलले, शाळांविषयी बोलले, पण दवाखान्यात कन्नड समजणारी एक तरी परिचारिका असावी, असे कोणी म्हटल्याचे मी ऐकले नाही.

खानापूरवासी

जतची तुलना बेळगावशी करणे मला पटत नाही. महाराष्ट्राने कन्नड शाळा बंद पाडल्या नाहीत. आमच्याकडे मराठी फलक लावला म्हणून गुन्हे दाखल होतात. दोन्ही बाजू सारख्याच, असे म्हणणे म्हणजे मार खाणाऱ्याला आणि मारणाऱ्याला एकाच तराजूत घालणे आहे.

जतची लेक

मी फलकांबद्दल बोलत नाही. जिला गोळीचे नाव समजत नाही, त्या बाईबद्दल बोलते आहे. तिच्यासाठी कोणत्या राज्याचा अन्याय मोठा, हा प्रश्न निरर्थक आहे. आपण प्रत्येक विषय तेथेच नेऊन ठेवता आणि मग आमच्यासारख्यांना गप्प बसावे लागते. मी या वेळी गप्प बसणार नाही.

माजी समुपदेशक

दोघांनाही हात जोडून विनंती आहे की आवाज खाली घ्यावा. भाषेचा मुद्दा याच धाग्याचा आहे. सीमाप्रश्नाचा निकाल येथे लागणार नाही. अनुभवाने सांगते: सीमेवरच्या केंद्रात दोन्ही भाषा बोलणारा समुपदेशक मिळणे कठीण नाही, कारण या पट्ट्यातील निम्मी तरुण मंडळी दोन्ही भाषा सहज बोलतात. कठीण आहे ते त्याला टिकवणे. कंत्राटी नेमणूक, तुटपुंजे मानधन, तेही वेळेवर नाही, आणि दिवसाचा मोठा भाग नोंदवह्या व संगणक भरण्यात जातो. रुग्णाशी बोलायला उरतात ती काही मिनिटे. माझ्यासोबतची दोन्ही भाषा उत्तम बोलणारी सहकारी शेवटी खासगी विमा कंपनीत गेली. तिला दोष कसा देणार?

जुना कार्यकर्ता

या पट्ट्यात ‘आवाहन’ हा एचआयव्ही प्रतिबंधाचा कार्यक्रम चालू होता तो काळ मी पाहिला आहे. गेट्स फाउंडेशनने २००३ मध्ये सहा राज्यांत तो सुरू केला. महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही त्यात होती. बागलकोट जिल्ह्यात त्याच सुमारास सर्वसामान्य प्रौढांमध्ये जवळजवळ तीन टक्के लागण आढळली होती, म्हणजे आज देशात जे प्रमाण आहे त्याच्या दहापटीहून अधिक. तेव्हा आम्हांला एक गोष्ट लवकर उमगली. सौंदत्तीची यात्रा, उसाचा हंगाम, कर्जाचा हप्ता, पोलिसांची धाड, यांप्रमाणे देहविक्रय करणाऱ्या बायका अथणीहून सांगलीला, सांगलीहून पुण्याला आणि तेथून परत अशा फिरत असत. कोणत्याही एका जिल्ह्याची यादी घेऊन बसलात, तर निम्म्या बायका ‘बेपत्ता’.

त्यांना शोधले ते त्यांच्याच मैत्रिणींनी. सांगलीत १९९६ मध्ये उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद निपाणीपर्यंत काम करत होती, आणि तिने कधी हद्दीचा विचार केला नाही. कोणती बाई कोठे गेली, कोणाच्या घरी उतरली, तिच्याकडे किती दिवसांच्या गोळ्या आहेत, हे त्यांना तोंडपाठ असे. ‘आकडेमोड’ यांनी सांगितलेली दारात उभे राहून चौकशी त्यांनी कधी केली नाही, कारण त्यांना चौकशीची गरजच नव्हती. पुढे परदेशी निधी आटला, कार्यक्रम सरकारकडे गेला, मूल्यमापनाचे रकाने वाढले आणि या बायकांच्या माहितीला कोणताही रकाना उरला नाही.

ऊसपट्ट्यातील शिक्षक

मी बीड जिल्ह्यातील आहे आणि हंगामात शिरूर, धारूरकडच्या टोळ्या निपाणी-चिकोडी भागातील कारखान्यांवर जाताना दरवर्षी पाहतो. दिवाळीनंतर गेलेली टोळी गुढीपाडव्याच्या आसपास परतते. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू लागल्या, हे फार मोठे काम झाले. २०२० च्या टाळेबंदीत त्याला वेग आला. पण हंगाम तीन महिन्यांत संपत नाही. उरलेल्या दिवसांचे औषध कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहणाऱ्या मजुराने कोठून आणायचे? मुकादमाला सांगून सुट्टी मागायची, तर कारण सांगावे लागते, आणि कारण कळले की कोयता मोडतो, म्हणजे आगाऊ घेतलेली उचल अंगावर घेऊन जोडी घरी. कारखान्याच्या आवारात ऊस मोजायला काटा असतो, पण आरोग्याची साधी खोली नसते. या धाग्यात कारखान्यांचा कोणी उल्लेखही केला नाही, याचे मला वाईट वाटते.

आकडेमोड

‘जुना कार्यकर्ता’ आणि ‘ऊसपट्ट्यातील शिक्षक’ यांच्या प्रतिसादांनंतर आधारच्या सक्तीचा आग्रह मी सोडतो, परंतु मनापासून नव्हे, निरुपाय म्हणून. ऊसतोड मजुराला बीडला परत पाठवावे, असे मी कधीच म्हटले नसते. माझा उरलेला मुद्दा मात्र कोणीही खोडलेला नाही: दुहेरी नोंद. मैत्रिणींच्या तोंडपाठ माहितीवर औषधांचा पुरवठा ठरवता येत नाही. २०२२ मध्ये औषधांच्या तुटवड्यामुळे रुग्णांना दिल्लीत नाकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, दारात आंदोलनाला बसावे लागले होते, हे विसरू नये. किती माणसे कोणत्या केंद्रातून गोळ्या घेणार, याचा अंदाज चुकला की रिकाम्या कपाटाची शिक्षा रुग्णालाच होते.

माजी समुपदेशक

पुरवठ्याचा हा मुद्दा मला मान्य करावा लागतो. रिकाम्या कपाटापुढे उभे राहून रुग्णाला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणण्याचे दुःख मी भोगले आहे. पण त्याचा इलाज दार बंद करणे नव्हे. सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव या तीन जिल्ह्यांच्या एड्स नियंत्रण पथकांनी हंगामापूर्वी आणि हंगामानंतर एकत्र बसावे, रुग्णाच्या लेखी संमतीने केवळ संकेतांक ताडून पाहावेत, आणि जो दुसरीकडे औषध घेत असल्याचे दिसेल त्याला ‘बेपत्ता’ न धरता ‘उपचार चालू’ धरावे. मूल्यमापन तिन्ही जिल्ह्यांचे मिळून एक व्हावे. मग परक्या रुग्णाला सामावून घेणाऱ्या केंद्राला त्याची शिक्षा होणार नाही.

आकडेमोड

संकेतांक कोणाच्या ताब्यात राहणार? २०१८ पासून एचआयव्ही-एड्स कायदा लागू आहे, संमतीशिवाय माहिती उघड करता येत नाही. दोन राज्यांच्या दोन संस्था, तीन कार्यालये, आणि प्रत्येक ठिकाणी बदलणारे कंत्राटी कर्मचारी. एक यादी फुटली तरी तीन जिल्ह्यांतील माणसे उघडी पडतील. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले, तर मी आपल्या बाजूने लिहीन.

चंदगडकर

उत्तर अवघड नाही. यादी कोणाच्याच ताब्यात देऊ नका. रुग्णाच्या हिरव्या पुस्तिकेत त्याने कोठून, किती दिवसांचे औषध घेतले हे लिहिलेले असतेच. ती पुस्तिका घेऊन तो ज्या केंद्रात जाईल त्याने निमूटपणे गोळ्या द्याव्यात आणि मूळ केंद्राला फक्त संकेतांकाने कळवावे. टाळेबंदीत नेमके हेच केले गेले होते, आणि तेव्हा कोणीही राज्य विचारले नव्हते. ते पुन्हा सुरू करा. आणि बेळगावच्या केंद्रात एक मराठी, जतमध्ये एक कन्नड बोलणारा माणूस नेमा. त्यासाठी सीमाप्रश्नावरील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही.

खानापूरवासी

शेवटच्या वाक्याशी सहमत आहे. बाकी सीमाप्रश्नावरील माझे मत कायम आहे, आणि ‘जतची लेक’ यांचा मुद्दा मला अद्याप पूर्णपणे पटलेला नाही. परंतु जतमध्ये कन्नड बोलणारी परिचारिका असावी, याला माझा विरोध नाही, हे येथे नोंदवतो.