मदत हवी आहे: ५६ वर्षांचे काका गेले, ७९ वर्षांची आजी वाचली. 'वंशा'चा खरंच संबंध असतो का?

टॉवेलपेठ:
नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितेय, सांभाळून घ्या. आम्ही सोलापूरचे, अशोक चौकाजवळ राहतो. घरात तेलुगू, बाहेर मराठी, भांडताना दोन्ही.

माझे धाकटे काका इंग्लंडमध्ये लेस्टरला होते. जानेवारी २०२१ मध्ये कोविडनं तिथल्या हॉस्पिटलात गेले, वय ५६. त्याच्या आधी सप्टेंबर २०२० मध्ये इथं आमची आजी (आम्ही नायनम्मा म्हणतो) नऊ दिवस ऑक्सिजनवर होती, वय ७९. जन्मभर विड्या वळलेली बाई. घरी आली ती दारातूनच कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागत. अजून ठणठणीत आहे.

गेल्या महिन्यात चुलतबहिणीनं काकांचे हॉस्पिटलचे कागद पाठवले. त्यात वयाच्या खाली एक रकाना आहे, वंश: आशियाई, भारतीय. आपल्याकडच्या केसपेपरवर असला रकाना मी कधी बघितला नाही. तो वाचल्यापासून माझा भाऊ (४१, साखर आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत सुपरवायझर) म्हणतोय, "रक्तातच आहे तर गोळ्या खाऊन काय उपयोग?" आणि खरंच गोळ्या चुकवायला लागलाय. वहिनी म्हणते सगळ्यांची जनुक तपासणी करू. मला एवढंच कळायला हवं: वयाचा धोका सगळ्यात मोठा ना? मग आमच्या घरी उलटं कसं झालं? आणि त्या रकान्याचा अर्थ काय घ्यायचा?

आकडेमोडे:
आधी आजींचं. तुमची नायनम्मा हा 'नमुना' आहे (कौतुकानं म्हणतोय), पण एका नमुन्यानं हिशेब बदलत नाही. इंग्लंडमध्ये २०२० मध्ये १ कोटी ७० लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदी तपासल्या होत्या. पन्नाशीतल्या माणसापेक्षा ऐंशीच्या पुढच्याला कोविडनं मरण्याचा धोका साधारण वीसपट निघाला. वयाच्या जवळ दुसरं काही पोचत नाही.

आता रकाना. ब्रिटनमधल्या २६० हॉस्पिटलांत दाखल झालेल्या सुमारे ३५,००० रुग्णांचा वेगळा अभ्यास झाला. दाखल झालेल्या दर हजार गोऱ्या रुग्णांत २९० दगावले, दक्षिण आशियाई हजारांत ३५०. फरक फार मोठा नाही, पण आहे. शिवाय हे दक्षिण आशियाई रुग्ण सरासरी १२ वर्षांनी तरुण होते! वयाचा हा फरक जमेस धरूनच वरचे आकडे काढलेत, म्हणजे सारख्या वयाचे रुग्ण घेतले तरी दक्षिण आशियाईंचे मृत्यू जास्त. काका ५६ चे होते, ते नेमके या चित्रात बसतात.

गड्ड्याला_भेटू:
काय बे, सकाळी सकाळी बायकोसमोर हा धागा उघडला आणि माझीच साखर विचारली तिनं.

रात्रपाळी_डॉक्टर:
त्याच अभ्यासात दक्षिण आशियाई रुग्णांपैकी ४० टक्क्यांना मधुमेह होता, गोऱ्यांत २५ टक्क्यांना. फरकाचा साधारण पाचवा हिस्सा त्यातून उलगडतो. सगळा नाही, हेही खरं. पण टॉवेलपेठ, तुमच्या भावाच्या हातात जे आहे ते नेमकं याच हिश्श्यात आहे. वय कुणी कमी करू शकत नाही, वंश बदलू शकत नाही. साखर उतरते. त्याला तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) तपासायला सांगा, आजची उपाशीपोटीची नको. तपासणीच्या आदल्या दिवशी जेवण सोडणारे खूप पाहिलेत मी.

टॉवेलपेठ:
आणि जनुकाचं काय? वहिनीनं कुठला तरी व्हिडिओ पाहिलाय, "निअँडरथल"चं रक्त वगैरे.

रात्रपाळी_डॉक्टर:
व्हिडिओत थोडं तथ्य आहे. तिसऱ्या गुणसूत्रावरच्या एका तुकड्यानं गंभीर कोविडचा धोका वाढतो. तो निअँडरथल मानवाकडून (हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेली मानवजात) आला हे स्वांते पेबो आणि ह्यूगो झेबर्ग या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दाखवलं. दक्षिण आशियात साधारण निम्म्या लोकांत तो आहे, युरोपात १६ टक्क्यांत. पण हेच जर सगळं कारण असतं तर आफ्रिकी-कॅरिबियन लोकांचं काय? त्यांच्यात तो जेमतेम २ टक्क्यांत सापडतो, तरी ब्रिटनमध्ये त्यांचेही मृत्यू जास्तच झाले. शिवाय तुमच्या घरातलाच विचार करा: आजी आणि काका ही आई-लेकरं, तरी निकाल उलटे. तपासणीत तुकडा सापडला तरी सल्ला तोच मिळणार: लस, साखर, आणि दम लागला की उशीर न करणं. ते पैसे ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांना घाला.

लेस्टरकर:
मी इथं सोळा वर्षं आहे म्हणून विचारतो, काका काम काय करायचे? घरात किती माणसं होती?

टॉवेलपेठ:
गोदामात रात्रपाळीला पॅकिंग. घरात सात जण, एक न्हाणीघर. आजारी पडल्यावरही तीन दिवस कामावर गेले होते, हे बहिणीनं आत्ता सांगितलं.

लेस्टरकर:
वाटलंच. दुसऱ्या लाटेत इथं बाकीच्या बहुतेक गटांतला फरक कमी झाला, दक्षिण आशियाईंचा मात्र वाढला. जनुक तर दोन्ही लाटांत तेच होतं. मोठं कुटुंब, घरून न करता येणारी कामं, हे सगळं त्या एका रकान्यात कोंबलंय. गुजराती दुकानदार, पंजाबी ड्रायव्हर आणि तुमचे सोलापुरी तेलुगू काका, तिघांपुढे एकच खूण. सोलापुरात सगळ्यांपुढे तीच खूण येईल, मग तुलना कुणाशी करणार?

टॉवेलपेठ:
शेवटचं वाक्य भावाला मोठ्यानं वाचून दाखवलं. काही बोलला नाही. आज साखर पेठेतल्या लॅबमध्ये रक्त देऊन आला (हो, साखर पेठेत साखर तपासली, विनोद करून झालेत). तीन महिन्यांची सरासरी ९.४ टक्के आली आहे, म्हणजे बरीच जास्त. गोळ्या सुरू केल्यात, सोमवारी डॉक्टरांकडे जातोय. नायनम्मानं रिपोर्ट उलटा धरून बघितला आणि विचारलं, "वय बरोबर लिहिलंय का?"